एकदा विचारून घे

१७ नोव्हेंबर

एसटीचा संप चालला होता तेव्हा दिवस जात नव्हता, म्हणून लिहायला लागलो होतो. संप मिटला, मी पुन्हा खांद्याला मशीन लावून कंडक्टर म्हणून गाडीवर गेलो, आणि वही कपाटात गेली. आज काढली. आज सीमाने सरपंचपदाचा अर्ज भरला.

मी रजा टाकून तिच्याबरोबर शहाद्याला तहसील कचेरीत गेलो होतो. गर्दी फार. उभं राहून राहून गुडघे बोलायला लागले. गावची जागा या वेळी महिलेसाठी सुटली. सगळे धरूनच चालले होते की लोटन आबा आपल्या बायकोला, तुळशीबाईंना, उभं करतील आणि बिनविरोध निवडून आणतील. सरपंच कुणीही असो, गावचा कारभार आबांच्याच ओट्यावरून चालतो. माझ्या वडिलांचे ते चुलतभाऊ.

सगळं सुरू झालं ते टाकीवरून. पाण्याची टाकी उभी राहून दोन उन्हाळे गेले. दारोदार नळ आहेत, नळांना पाणी नाही. सीमाने ग्रामसभेत उभं राहून विचारलं, पाणी कधी येणार. आबा म्हणाले, "सूनबाई, आधी टाकी तर पाहून घ्या डोळे भरून." लोक हसले. सीमा हसली नाही. तिच्या बचत गटाच्या बायकाही हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी तिच्यामागे निवडणुकीला उभं राहण्याचा लकडा लावला.

आम्ही घरात अहिराणीच बोलतो, पण लिहायला बसलो की हात शाळेतल्या मराठीवर जातो. परत येताना गाडीत तिने विचारलं, "तुमले पटस ना हाई?" मी म्हटलं, पटस. खरंच पटत होतं.

२४ नोव्हेंबर

कपबशी हे चिन्ह मिळालं. माय रोज सीमाबरोबर घरोघर जाते. काठी टेकत. मी सांगितलं, तुला त्रास होईल. म्हणाली, "मन्ही सून शे. तुन्ही बायको नंतर."

२७ नोव्हेंबर

तळोद्याच्या स्टँडवर गाडी उभी होती. मागच्या सीटवर दोन पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून हसत होती. एक म्हणाला, "हाई व्हनार सरपंच?" मी तिकीट फाडायला वाकलो आणि मोबाइलमध्ये सीमा दिसली.

फोटो मला माहीत होता. गेल्या वर्षी नंदुरबारला शेतीचं प्रदर्शन होतं, तिथे गटाच्या बायकांनी मिरची पावडरचा स्टॉल लावला होता. गोकुळ भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावचे कृषी सहायक. त्यांनीच बायकांना पावडर करायला, पाकिटं भरायला शिकवलं होतं. सीमा त्यांच्या तळहातावर चिमूटभर चटणी ठेवतेय आणि हसतेय. मूळ फोटोत पाच बायका आहेत आणि डाव्या बाजूला पिशवी धरून मी आहे. या फोटोत फक्त दोघं. बायका कापल्या, मी कापलो. कडेला माझ्या निळ्या शर्टाचं कोपर तेवढं राहिलंय. खाली लिहिलंय, "वहिनींना भाऊसाहेबांचं खास मार्गदर्शन."

पोराने पैसे दिले, मी तिकीट दिलं. तो मला ओळखत नव्हता. मी घंटी मारली आणि गाडी सुटली.

२८ नोव्हेंबर

मूळ फोटो शोधून गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मी स्वतः तिथे हजर होतो." थोड्या वेळाने कुणीतरी लिहिलं, "म्हणजे भाऊले बी सोबत लयी जातस." त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

सीमा म्हणाली, कशाला टाकलात? मी म्हटलं, खरं काय ते कळायला नको? ती म्हणाली, "ज्याले कळाले पाहिजे त्याले माहीतच शे."

पण गप्प बसून कसं चालेल? मी चिडलो होतो. तिच्यासाठीच चिडलो होतो.

३० नोव्हेंबर

सकाळी लोटन आबांकडे गेलो. ओरडायचं असं ठरवून गेलो होतो. ते ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. साबणाच्या तोंडाने म्हणाले, "ये उमाकांत, बस." आत तुळशीबाईंना चहा टाकायला सांगितलं. साबण लावलेल्या माणसावर ओरडता येत नाही. माझं निम्मं तिथेच गेलं.

म्हटलं, "आबा, हे बरं नही."

"मन्हा कानवर उनं. पोरेसनं काम शे. मी झापं त्यासले." मग त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "दख भाऊ, मी तुन्हा बापना जागे शे. राजकारण येक बाजूले. लोकेसना तोंडले झाकन नही लावता येस. पन तू एकदाव तिले विचारी ले. तुन्हा मनमा किडा नको ऱ्हावाले."

"मन्हा मनमा काही नही."

"नही ना? मंग विचारामा काय जास?"

तुळशीबाईंनी चहा ठेवला आणि वर न बघता आत गेल्या.

आबांचं मन मोठं आहे, हे मान्य करायला हवं. सीमा त्यांच्या बायकोविरुद्ध उभी आहे, तरी त्यांनी मला घरच्यासारखं बसवलं, चहा पाजला, आणि सल्ला दिला तो माझ्याच भल्याचा दिला. त्यांची पोरं त्यांचं ऐकत नसतील, त्याला ते तरी काय करणार.

२ डिसेंबर

प्रकाशा गावच्या चौफुलीवर गोकुळ भाऊसाहेब गाडीत चढले. जागा होती तरी दाराजवळ उभेच राहिले. मी तिकीट द्यायला गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "भाऊ, मी बदली मागितलीय. धडगावकडे द्या, कुठेही द्या म्हटलं. बायकोच्या मोबाइलवर पण पाठवला कुणीतरी तो फोटो. ती माहेरी जाऊन बसलीय."

मी म्हटलं, "निवडणुकीनंतर सगळं निवळेल."

"तुमचं निवळेल. वहिनींना सांगा, गटाचं राहिलेलं काम नवीन साहेब बघतील."

मला वाईट वाटलं. तळोदा येईपर्यंत वाईट वाटत होतं. मग गर्दी झाली, तिकिटं फाडता फाडता मनात आलं की ज्याचं काही नाही तो पळतो कशाला? ताठ मानेने का राहत नाही? मी हे फक्त लिहून ठेवतोय. मला तसं वाटतं असं नाही.

भाऊसाहेबांचा निरोप सीमाला अजून सांगितला नाही.

४ डिसेंबर, खापर

आठवड्यातून एकदा माझी गाडी खापरला मुक्कामी असते. इथून गुजरात हाकेवर. स्टँडवर सुरतेकडे कामाला निघालेली डोंगरातली कुटुंबं गाठोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन बसली होती. त्यांच्यातून वाट काढत चहाला गेलो. माझा ड्रायव्हर सुरुपसिंग आधीच बसला होता. माझा मोबाइल वाजला. गावातल्या एका मित्राने काहीतरी पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, "ऐकून घे, नंतर मला दोष देऊ नको."

ऑडिओ होता. एक बाई कुणाशी तरी फोनवर बोलतेय. हसतेय. म्हणते, "आज ते खापरले मुक्कामी शेतस. काही घोर नही."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हसणं सीमासारखं आहे. नीट ऐकलं तर नाहीही. सीमा फोनवर "हां, बोला" म्हणते, ही बाई "हॅलो" म्हणते. पण मी खापरला मुक्कामी असतो हे बाहेरच्या माणसाला कसं माहीत? पुन्हा लावला. पुन्हा ऐकला.

सुरुपसिंग अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातला. तो म्हणाला, "बंद कर ते." मग चहाचा कप फिरवत म्हणाला, "माझ्या काकीला आमच्या पाड्यात डाकीण ठरवली होती. काका मेला आणि तिने शेत दिराच्या नावावर करायला नाही म्हटलं, म्हणून. कुणाची म्हैस मेली तर हिने खाल्ली, कुणाला ताप आला तर हिने लावला."

"मग?"

"मग काय? लोक काय बोलतात ते ती कधी विचारत नव्हती. लोक आले की तिचा पोरगा, माझा चुलतभाऊ, दारात बसतो का आत जाऊन बसतो, तेवढं बघायची."

"बसला का तो दारात?"

"नाही बसला. घाबरला. काकी गेली ती गुजरातला, परत नाही आली."

मी म्हटलं, तो सगळा अडाणीपणा. आमच्याकडची गोष्ट वेगळी, इथे आवाज रेकॉर्ड झालेला आहे. सुरुपसिंग चहाचे पैसे द्यायला उठला.

५ डिसेंबर

विचारलं.

माय शेजारी गेली होती, आमची मुलगी ममता क्लासला. सीमा भाकरी थापत होती. मी पाट घेऊन बसलो आणि म्हटलं, "तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण एकदा तुझ्या तोंडून ऐकलं की मी गावात ठणकावून सांगू शकेन."

"काय ऐकायचंय?"

"तो आवाज तुझा नाही, एवढंच."

ती थांबली. तव्यावरची भाकरी तशीच राहिली, करपल्याचा वास सुटला. सीमाच्या हातची भाकरी कधी करपत नाही. मग तिने ती उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मन्हा आवाज नही शे." आणि लगेच, "ताट घेऊ का?"

ऐकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली. मी जेवलो. सारखं एकच डोक्यात येत होतं, ती लगेच का नाही बोलली?

७ डिसेंबर

ममता कॉलेजातून रडत आली. बारावीचं वर्ष. वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांसमोर तो ऑडिओ वाजवला, ममताने तिचा मोबाइल हिसकून फेकला. मॅडमनी घरच्यांना बोलावलंय.

मला म्हणाली, "पप्पा, फोटोत तर तुम्ही स्वतः होतात. तुम्ही या ना कॉलेजला. सगळ्यांसमोर सांगा."

मी म्हटलं, निवडणूक होऊ दे, सगळं आपोआप शांत होईल. मग सहज विचारलं, मी खापरला असतो तेव्हा घरी कोण कोण असतं.

तिचं रडू एकदम थांबलं. "मी, मम्मी आणि आजी. आणखी कोण असणार?"

"तसं नाही गं. सहज विचारलं."

ती उठून आत गेली. आजकालच्या मुलांना साधा प्रश्नही विचारता येत नाही. कॉलेजला सीमाच गेली.

८ डिसेंबर

सकाळी डबा घ्यायला गेलो तर डब्यावर सीमाचा मोबाइल ठेवलेला. म्हणाली, "लॉक काढून टाकलंय. लागला तर न्या बरोबर."

नेला नाही. पण तिथेच उभं राहून थोडा चाळला. गटाच्या बायका, तिचा दोंडाईचाचा भाऊ, गॅसवाला, ममताच्या मॅडम. बाकी काही नाही. तिने स्वतःहून दिला म्हणजे तिलाही ते बरंच वाटलं असणार. मोकळेपणा राहिला की गैरसमज वाढत नाहीत. अर्थात पुसून टाकलेलं काही असेल तर ते दिसत नाही, हेही आहे.

खांदा फार दुखतोय. मशीनचा पट्टा एकाच बाजूला ओढतो.

१० डिसेंबर

आज वाट सापडल्यासारखी वाटली होती.

लोटन आबांनी निरोप पाठवला, म्हणून गेलो. म्हणाले, गावात दोन तट पडताहेत, पोरीबाळींची नावं निघताहेत, हे आपल्या भावकीला शोभत नाही. त्यांनी एक तोड सुचवली. सीमाने प्रकाशाला केदारेश्वरासमोर यावं, तापीचं पाणी ओंजळीत घ्यावं आणि गावच्या चार माणसांसमोर एकदा सांगावं की मी निर्दोष आहे. "मंग कोनी चकार शबद काढी नही. मी जबाबदार. तुळशी बी येई, तिन्हा पाया पडी."

मला ते एकदम पटलं. घरी येईपर्यंत पावलं हलकी पडत होती. सीमाला बसवून नीट समजावून सांगितलं. माय दाराशी तांदूळ निवडत होती.

सीमाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुम्ही सांगताय का गाव?"

"दोघंही. म्हणजे आबा म्हणाले, पण मलाही योग्य वाटतं. एका दिवसात विषय संपेल."

"आणि नाही घेतलं पाणी तर?"

"न घ्यायला काय झालं? काही नाही तर भीती कसली?"

मायने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "उमाकांत, तू घेशी का पानी हातमा? खापरले मुक्कामले काय करस ते सांगाले?"

"माझ्याबद्दल कुठे कोण काय बोलतंय?"

"तेच ते," माय म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं.

सीमा उठली. मुलाण्यांच्या गल्लीत तिची बैठक होती. पदर खोचत म्हणाली, "मी पाणी घेणार नाही. आबांना सांगा. आणि तुम्हालाही सांगते."

मला खरंच कळत नाही. सोपी गोष्ट होती. ओंजळभर पाणी. घरासाठी, ममतासाठी तरी घ्यायला हवं होतं. कधी कधी सीमाचा हट्ट म्हणजे दगड.

१३ डिसेंबर

प्रचाराचा शेवटचा दिवस. लवकर सुटलो म्हणून सीमाची सभा ऐकायला मिळाली. चहाच्या टपरीमागे उभा राहिलो. पुढे गेलो असतो तर लोकांनी वळून वळून पाहिलं असतं.

बायका खूप आल्या होत्या. एवढ्या बायका चौकात एकत्र मी कधी पाहिल्या नव्हत्या. सीमा फक्त पाण्याबद्दल बोलली. विहीर कुठे, पंप कुठे, पाइप कुठपर्यंत आलाय आणि कुठे तुटलाय. हातात कागद नव्हता. आवाज बसला होता तरी बोलत होती.

मागून एका पोराने ओरडून विचारलं, "वहिनी, केदारेश्वरले पानी हातमा कधी घेनार?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मी टपरीआड सरकलो. सीमा त्याच्याकडे बघून म्हणाली, "हातमा घेवाले पानी पाहिजे ना भाऊ. आधी नळले ते येऊ दे."

बायका अशा हसल्या की टपरीवाल्याच्या हातातली किटली हलली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. पोरगा कुठे गेला कळलंच नाही. मलाही हसू आलं. चार पावलं पुढे जावंसं वाटलं. मग लक्षात आलं की तिने त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीच.

१५ डिसेंबर

मतदान झालं. बायकांच्या रांगेत माझ्या शेजारीच तुळशीबाई होत्या. उमेदवार असून त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सीमाले सांगा, माले वाईट नको म्हनू. माले उभं करं, मी उभी शे." मी मान हलवली.

आत यंत्रासमोर गेलो. कपबशीचंच बटण दाबलं. माझ्या बायकोला मी मत देणार नाही तर कोण देणार? फक्त बोट क्षणभर वर थांबलं, एवढंच. तेवढं कुणाचंही थांबतं.

१७ डिसेंबर

सीमा निवडून आली. चांगल्या मतांनी आली.

शहाद्याला मोजणी होती. निकाल कळला तेव्हा मी तहसीलच्या बाहेर उसाच्या गाड्या बघत उभा होतो. कारखान्याचा हंगाम जोरात आहे, पुरुषोत्तमनगरकडे जाणारी रांग संपत नव्हती. कुणीतरी येऊन मिठी मारली, गुलाल तोंडात गेला. ज्यांच्या मोबाइलवर तो ऑडिओ होता, तीच माणसं मला उचलून घ्यायला आली. ग्रुपवर ज्याने "भाऊले बी सोबत लयी जातस" लिहिलं होतं, त्याने हार घातला. म्हणाला, "आमले माहीत व्हतं भाऊ, सगळं खोटं व्हतं."

सगळ्यांना माहीत होतं म्हणे.

सीमाला बायकांनी ट्रॅक्टरवर चढवलं. गुलालात तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. मायला पण वर घेतलं. ममता नाचत होती. मीही ट्रॅक्टरच्या मागे चालत होतो. तिने वर बसून एकदा माझ्याकडे पाहिलं, मी हात केला. गर्दीत तिला दिसला नसावा.

२१ डिसेंबर

आज डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

सारंगखेड्याची यात्रा आहे, गाड्या भरून चालल्या आहेत. लोटन आबा चढले. मी त्यांना पुढे माझ्या शेजारी बसवलं. बराच वेळ घोड्यांच्या किमतीबद्दल बोलत होते, मग हसले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "ते ऑडिओनं मनवर नको ले बरं का. धुळ्यानी येक पोर शे, नकला करस, तिना आवाज. निवडनूक म्हनजे आसंच ऱ्हास. आते सूनबाई आमनीच शे."

"म्हणजे तो सीमाचा आवाज नव्हताच?"

"आरे येडा शे का तू?" आबा इतक्या मोठ्याने हसले की मागची माणसं बघायला लागली. "आनि ते केदारेश्वरनं पानी! पोर बाकी हुशार शे तुन्ही बायको. तिनी जर पानी घेतं ते आमी म्हनतुत, मनमा काही व्हतं म्हनीसनच घेवाले उनी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. सारंगखेड्याला ते उतरले तेव्हा मी त्यांना हात देऊन उतरवलं.

ड्यूटी संपवून घाईघाईने घरी आलो. येताना ममताला जिलेबी घेतली. सीमा ओट्यावर बसून ग्रामपंचायतीच्या शिपायाशी पाइपलाइनचं बोलत होती. तो जाईपर्यंत मला दम निघेना. तो गेल्यावर सगळं सांगितलं. धुळ्याची पोरगी, नक्कल, सगळं. "आबांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, सीमा! आवाज तुझा नव्हताच!"

मला वाटलं ती हसेल. किंवा रडेल तरी. बायका अशा वेळी रडतात.

ती माझ्याकडे बघत राहिली. बऱ्याच दिवसांनी इतकं सरळ बघत होती. मग म्हणाली, "लोटन आबानी सांगं, तव्हय तुमले पटनं?"

मी म्हटलं, तसं नाही, मला आधीपासूनच पटलं होतं.

"हां," ती म्हणाली. माझ्या हातातून जिलेबी घेतली आणि ममताला हाक मारली.

२३ डिसेंबर

तिचं वागणं चांगलं आहे. चहा वेळेवर, डबा वेळेवर. भांडण नाही. बोललं की बोलते. मी उगीच मनाला लावून घेतोय.

गोकुळ भाऊसाहेबांचा निरोप आज सांगितला. इतके दिवस का नाही सांगितला, असं तिने विचारलं नाही. "त्यांच्या बायकोचा नंबर असेल तर द्या," म्हणाली. दिला. अंगणात जाऊन बराच वेळ बोलत होती. आत आली तेव्हा डोळे लाल होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. तिला एका बाईकडून ऐकायचं होतं. ऐकवलं."

२६ डिसेंबर

आज ग्रामपंचायतीची पहिली सभा. सकाळी विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

"तुमची ड्यूटी असेल ना," सीमा म्हणाली. मी रजा टाकली होती. ते सांगितलं नाही. ती मायला घेऊन गेली. ममता कॉलेजला गेली. घरात मी एकटा. गणवेश घालून बसलो होतो, मग काढला.

दुपारी परत आली. कचेरीत तिला आबांच्या जुन्या खुर्चीवर बसवलं, असं मायनेच सांगितलं. सीमा पाणी पिऊन भिंतीला टेकून बसली. पाय लांब केले. किती वाळलीय ते आज दिसलं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"रागावलीस का माझ्यावर?"

"नाही."

"मग?"

"दमले."

मी तिचा हात हातात घेतला. तिने काढून घेतला नाही, तसाच राहू दिला. मला बरं वाटलं. म्हटलं, "मी पण फार दमलो गं या महिन्याभरात."

तिने मान वळवली आणि विचारलं, "तुम्ही कशानं?"

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. उत्तराची वाट बघत होती. बाहेरून मायने तिला हाक मारली, टाकीजवळ माणसं आली आहेत म्हणून. तिने हात सोडवला, चप्पल घातली आणि गेली.

तेव्हापासून बसलोय. उत्तर अजून सुचलेलं नाही.